सावरीची गादी

भिकनच्या गादीवर गल्लीतलं कोणी कधी बसलं नव्हतं, तरी तिच्यात कुठे कुठे गाठी आहेत हे अख्ख्या गल्लीला पाठ होतं. कारण भिकन ते ओरडून सांगायचा. उजव्या खांद्याखाली एक, डाव्या फऱ्याखाली दोन, कोपराशी एक. दर दोन तासांनी त्याच्या शिव्या सुरू व्हायच्या, आणि हातातलं काम टाकून चांगुणा त्याची कूस बदलायला धावायची. शेजारची लताबाई म्हणायची, आमच्याकडे घड्याळ नाही, पण भिकनभाऊ आहेत.

भिकन हा रस्त्यावरचे दिवे बघणारा वायरमन. एकोणऐंशीच्या जानेवारीत खांबाला लावलेल्या शिडीवरून पडला तो पाठीवर. सरकारी दवाखान्यात अडीच महिने काढून पंचवटीमागच्या वस्तीत परत आला, तेव्हा कमरेच्या वर सगळा भिकन शाबूत होता, तोंडासकट, आणि कमरेखाली नुसतं वजन उरलं होतं. पायाला टाचणी टोचली तरी त्याला पत्ता नसायचा.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी चांगुणाला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, ह्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवस असो की रात्र. दोन, गादी जरा चांगली बघा. माकडहाडावर चवलीच्या नाण्याएवढी एक जखम घेऊनच भिकन घरी आला होता. "ती वाढली तर आतून सडत जाते, आणि मग माणूस हाती लागत नाही," डॉक्टर म्हणाले. चांगुणा शाळेत शिपाईण होती. सांगितलेलं काम विसरायची तिला सवय नव्हती, आणि हे काम तर तिच्या स्वतःच्या माणसाच्या जिवाचं होतं.

पण लक्षात ठेवणं सोपं, उठणं कठीण. शाळेत जायची तेवढा वेळ लताबाई यायची; बाकी दिवस आणि सगळी रात्र चांगुणाची. भिकन अंगाने थोराड. त्याला वळवायचं म्हणजे एक हात खांद्याखाली, एक मांडीखाली, गुडघा बाजेला टेकवून ओढायचं. ओढून झालं की त्याच्या शिव्या ऐकायच्या. त्याच्या जागी कोणीही असता तरी त्याने हेच केलं असतं, असं ती स्वतःला सांगायची. माणसाला झोप नसली की आधी राग येतो, मग रडू येतं, आणि मग काहीच येत नाही. एप्रिल निम्मा सरला तोवर चांगुणा त्या तिसऱ्या मुक्कामाला पोचली होती.

"गादी बदल," भिकन म्हणायचा. "ह्या गादीनं मारणार मला. खांबावरून पडून नाय मेलो, हिच्यावर झोपून मरंन."

गादीचं नाव काढलं आणि सल्ल्यांना ऊत आला. आजाऱ्याचं औषध आणि आजाऱ्याची गादी, ह्या दोन गोष्टी सांगायला आपल्याकडे शिक्षण लागत नाही. कोणी म्हणालं काथ्याची घ्या, पाठ सरळ राहते. कोणी म्हणालं गादीच नको, फळीवर घोंगडी टाका, आमच्या मामाची पाठ फळीनेच सुधारली. मामाच्या पाठीला काय झालं होतं ते कोणी विचारलं नाही. लताबाईने मात्र ठासून सांगितलं, "आता फोम निघालाय, मेनरोडला मिळतो. माझ्या भावजयीनं बसून पाहिलाय. लोण्यासारखा."

एका शनिवारी शाळा सुटल्यावर चांगुणा मेनरोडवरच्या गाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने फोमच्या गादीवर पंजा दाबला, उचलला, आणि गादी वर आली. असं त्याने चारदा केलं. मग म्हणाला, "बाई, हाताने काय कळणार? आडव्या होऊन बघा." भर दुकानात परपुरुषांपुढे आडवं व्हायचं म्हणजे काय, असं मनात आलं खरं, पण तोवर ती आडवी झाली होती. पदर नीट करावा म्हणून तिने हात उचलला. पुढचं तिला आठवत नाही.

तिला जाग आली तेव्हा दुकानात पाचसात गिऱ्हाइकं उभी होती आणि दुकानदार त्यांना सांगत होता, "अर्धा तास झाला. ह्याला म्हणतात गादी." एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती. चांगुणा उठून बसली. लाज वाटायला हवी होती, पण तिला आधी हेवा वाटला. ज्यांच्या घरी अशी गादी आहे त्या सगळ्या लोकांचा तिला हेवा वाटला. मग तिने एकच प्रश्न विचारला, "ओली झाली तर?" दुकानदार जरा थांबला. फोम पाणी पितो आणि लवकर सोडत नाही, हे त्याला कबूल करावं लागलं. भिकनला लघवी झालेली कळायची नाही. चांगुणा चपला घालून बाहेर पडली.

म्हणून मग इनायत पिंजारी आला.

चौकमंडईतला इनायत. पासष्टीचा माणूस, पांढरी दाढी, खांद्यावर कापूस पिंजायची पिंजण, हातात लाकडी मोगरी. गल्लीत शिरताना पिंजणीच्या ताणलेल्या दोरीवर, तातेवर, एकदा मोगरी मारायचा, की पिंजारी आल्याचं घराघरात कळायचं. वस्तीतल्या निम्म्या लग्नांच्या गाद्या त्याच्या हातच्या. आपल्या गादीवर झोप लागली नाही असं एकही माणूस सांगत आलेला नाही, हे तो न विचारता सांगायचा. गर्वाचं घर खाली म्हणतात, पण इनायतचा गर्व खोटा नव्हता.

"बाई, माझा एक कायदा आहे," ओसरीवर टेकत तो म्हणाला. "गादी विकत घेणाऱ्याला मी काही विचारत नाही. झोपणार कोण, त्याला विचारतो. ज्याचं जळतं त्याला कळतं. कूस कोणती, घाम येतो का, बोचतं कुठे, ते झोपणाऱ्यानेच सांगायचं. बाकीच्यांनी चूप बसायचं."

भिकनला हा माणूस पहिल्या वाक्यात आवडला. तीन महिने जो तो चांगुणाला विचारत होता, ह्यांना काय होतं, हे खातात का. त्याला स्वतःला कोणी काही विचारलं नव्हतं.

"विचारा, चाचा," तो म्हणाला. "लय सांगायचंय मला."

इनायतने जुनी गादी अंगणात उसवली. आतला कापूस काळपट, पेंडीसारखा घट्ट झालेला. तो पिंजून खालचा थर करायचा ठरलं. वरच्या थरासाठी त्याने हरसूलच्या बाजारातून सावरीचा कापूस आणला. डोंगरातल्या सावरीची बोंडं चैत्र-वैशाखात फुटतात. तो कापूस इतका हलका की त्याला पिंजण लावायची नाही, हातानेच फुलवायचा. त्याच्या उशा करतात. अख्खी गादी कोणी करत नाही, कारण तेवढा माल गोळा होत नाही. इनायतलाही एकच पोतं मिळालं. पण भिकनचं ऐकून घेतल्यापासून म्हातारा हट्टाला पेटला होता. "ह्यांच्या पाठीखाली मी उशी घालणार," तो म्हणाला.

दोन दिवस काम चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी खोळीत कापूस भरून झाला आणि टाके घालायच्या आधी गादी बाजेवर अंथरली. हीच इनायतची रीत. झोपणाऱ्याला आधी निजवायचं, त्याच्याकडून खाणाखुणा घ्यायच्या, मग दाभणाला हात लावायचा. लताबाईच्या नवऱ्याने आणि आणखी दोघांनी मिळून भिकनला उचलून तिच्यावर ठेवलं.

"बोला," इनायत म्हणाला.

"उजव्या खांद्याला अजून जरा." इनायतने खोळीत हात घालून मूठभर सावर सरकवली. "आता फऱ्याखाली. डाव्या. थोडी अजून. कोपराला पण लागतंय." म्हातारा गुडघ्यावर बसून ऐकत होता आणि देवाचं काम करावं तसा कापूस सरकवत होता. भिकनच्या चेहऱ्यावरची शीर न शीर सैल होत गेली. चांगुणाने ते पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न झालं त्या साली तो असा दिसायचा.

"आणि खाली?" इनायतने विचारलं. "कमरेखाली?"

"खालचं काय विचारता चाचा. तिथं काय बोचत नाय अन् काय नाय. तिथं मी नायच."

इनायत थांबला. पोत्यात सावर उरली होती ती दोन ओंजळी. त्याने पोतं चांगुणापुढे धरलं. झोपणाऱ्याला विचारून झालं होतं, आणि त्याच्या कायद्यात इथे पहिल्यांदाच पेच पडला होता. झोपणाऱ्याला माहीतच नसेल तर विचारायचं कोणाला?

"बाई, माल एवढाच उरलाय. वर घालू की खाली?"

चांगुणाने विचारही केला नाही. "वर घाला," ती म्हणाली. "त्यांना वरच दुखतं."

त्याने वर घातली. कमरेखाली मग जुनाच कापूस राहिला, पिंजलेला, पण बसकाच. इनायतने टाके घातले, कडा शिवल्या, आणि गादीवर एकदा तळहात फिरवून म्हणाला, "आता गल्लीला घड्याळ विकत घ्यावं लागेल."

खरंच तसं झालं. त्या दिवशी चार वाजता भिकनला झोप लागली ती दिवेलागणीला उतरली. लताबाई दोनदा डोकावून गेली, एवढा वेळ आवाज नाही म्हणजे काय झालं म्हणून. दोन तासांनी चांगुणाने सवयीने खांद्याखाली हात घातला, तर तो डोळे न उघडता म्हणाला, "नको ना. आज पहिल्यांदा लागलीय. झोपू दे." शिवी नाही, ओरडणं नाही. इतक्या मऊ आवाजात तो तिच्याशी कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. तिने हात काढून घेतला.

मग तीही झोपली. जमिनीवर, गोधडीवर, बाजेला डोकं लावून झोपली ती सकाळी पाणी यायच्या वेळेला उठली. सगळं अंग हलकं झालं होतं. शाळेत तिने त्या दिवशी पाण्याचं पिंप दोनदा घासलं, नुसता आनंदाने.

कूस बदलायची बंद झाली असं नाही. सकाळी बदलायची, संध्याकाळी बदलायची. मधल्या वेळी ती जवळ जायची, तो घोरत असायचा, आणि तिला वाटायचं, गादी आता मऊ आहे, दोन तासांचा नियम त्या दगडासाठी होता. असं तिला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच ठरवलं, कारण ठरवायला सोपं होतं. भिकन जुन्या गादीवर दर दोन तासांनी ओरडायचा तो खांद्यामुळे, आणि त्या खांद्याच्या ओरडण्यावर खालचं सगळं वळवलं जायचं. आता खांदा सुखात होता. खालच्याची बाजू मांडणारं कोणी राहिलं नव्हतं.

जखम बांधायला कंपाउंडर दर आठ दिवसांनी यायचा. त्याने बजावलं होतं, मधे सोडू नका, धूळ जाते. तो नेमका भाचीच्या लग्नाला कळवणला गेला तो तिथेच आजारी पडला. चांगुणाने वाट पाहिली. पट्टी कोरडी दिसत होती. नव्या गादीच्या तेराव्या दिवशी घरात वास यायला लागला. तिने उंबऱ्याबाहेर मेलेली घूस शोधली. चौदाव्या दिवशी गादीला ऊन दाखवलं. सोळाव्या दिवशी भिकनचं अंग तापलं, आणि तिने स्वतःच पट्टी सोडली.

चवलीएवढी जखम वरून फारशी वाढली नव्हती. कडेची कातडी काळी पडली होती. तिने कापसाच्या बोळ्याने ती कडा पुसली आणि बोळा आत गेला. बोटही आत गेलं. आत पोकळ होतं. दोन्ही टाचांना काळे डाग होते, ते तिला वाटत होतं मळाचे आहेत.

"काय झालं?" भिकनने विचारलं. "काय बघती एवढं? मला तर काय दुखत नाय."

दवाखान्यात डॉक्टर तेच होते. त्यांनी भिकनला कुशीवर करून पाहिलं. मग चांगुणाकडे वळून विचारलं, "कूस किती वेळा बदलत होतात?"

"दर दोन तासांनी," चांगुणा म्हणाली.

ती खोटं बोलली आणि ती खोटं बोलली हे खोलीत आणखी एका माणसाला ठाऊक होतं. भिकनचं तोंड भिंतीकडे होतं. तिकडूनच तो म्हणाला, "टायमाला बदलायची, साहेब. झोपू द्यायची नाय मला."

डॉक्टर म्हणाले, "मग तुमचा काही इलाज नव्हता."

डॉक्टर गेल्यावर ती खाटेच्या पायाशी बसून रडली. भिकनला ताप होता, पण शुद्ध होती. "रडू नको," तो म्हणाला. "सोळा दिस लय झोपलो, चांगुणे. तू पण झोपली. मला ऐकू यायचं तुझं घोरणं." त्याने हे तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं, आणि जन्मभर तिला दुसरं कुठलं वाक्य इतकं लागलं नाही. त्यानंतर तो बावीस दिवस टिकला. शेवटी शेवटी तापात तो घरची गादी मागायचा.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. लताबाई म्हणाली, ती गादी नदीकाठी नेऊन टाक, घरात ठेवू नये. चांगुणाने टाकली नाही. गुंडाळून, सुतळीने बांधून भिंतीला लावून ठेवली. ती स्वतः जमिनीवर गोधडी टाकून झोपायची. आता दर दोन तासांनी तिला आपसूक जाग यायची. हात पुढे जायचा, एक खांद्याखाली, एक मांडीखाली, आणि रिकामा परत यायचा. कोणी सांगायला नको, कोणी ओरडायला नको. ज्या दिवसांत हे व्हायला हवं होतं त्या दिवसांत ती ढाराढूर झोपली होती. सोळा दिवस दोघांच्या जिवाला आराम मिळाला, त्याची किंमत ही, असं ती रोज स्वतःला सांगायची आणि रोज ते तिला पटायचं नाही.

पावसाळ्यात पिंजाऱ्यांचं काम बंद असतं, कापूस ओल धरतो. इनायत ते चार महिने मालेगावला लेकीकडे काढायचा. दसऱ्याआधी तो गल्लीत आला, तातेवर मोगरी मारली, आणि कोपऱ्यावरच कोणीतरी त्याला भिकनचं सांगितलं. तो तसाच चांगुणाच्या ओसरीवर येऊन बसला. पिंजण भिंतीला टेकवली.

"अल्लाची मर्जी," तो म्हणाला. मग घसा साफ करून विचारलं, "बाई, एक विचारू? आराम मिळाला का त्यांना? गादीवर?"

"मिळाला," चांगुणा म्हणाली. "लय आराम मिळाला, चाचा."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. चांगुणाला वाटलं, झालं, एवढंच बोलायचं होतं, आता ह्याला चहा द्यावा. ती उठायला लागली.

"मला ठाऊक होतं," इनायत म्हणाला. "दिलाला फार बरं वाटलं. विंचूरला एक घर आहे, कांद्याच्या खळ्यावरचा हमाल, रावजी नावाचा. तोही असाच, कमरेखाली गेलेला. रात्रभर ओरडतो म्हणे. त्याच्या बायकोला मी निरोप धाडलाय, नाशिकला एका माणसाला केली तशीच गादी करून देतो. सावरीचा माल लेकीकडून आणलाय मी. परवा जातो."

चांगुणा उभीच राहिली. तिने मनातल्या मनात दोनदा चहा ठेवला, म्हाताऱ्याला निरोप दिला, दार लावलं. विंचूरची बाई तिच्या ओळखीची नव्हती. तिच्याही डोळ्याला डोळा लागत नसेल. तिलाही कोणीतरी पोतं पुढे धरून विचारेल, वर घालू की खाली.

"तो ओरडतो ना," ती म्हणाली, "ओरडू द्या त्याला."

"म्हणजे?"

मग तिने सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, लताबाईला सांगितलं नव्हतं, भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोपुढेही तोंडातून काढलं नव्हतं, ते सगळं ओसरीवर उभ्याने सांगितलं. दोन तासांचं, सोळा दिवसांचं, बोळा आत गेला त्याचं. सांगताना आवाज चढला नाही की रडू आलं नाही. इनायत ऐकत होता. त्याचा हात दाढीत गेला तो तिथेच राहिला.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला. "खालचं मी विचारलं होतं ना, बाई?"

"विचारलं होतं. मीच वर घाला म्हणाले."

"पण कायदा माझा होता," इनायत म्हणाला. "झोपणाऱ्याला विचारायचं, हा माझा कायदा. पन्नास वर्षं झाली." गुंडाळून भिंतीला लावलेली गादी त्याला दारातून दिसत होती. तिच्याकडे बघतच त्याने विचारलं, "मग त्या विंचूरवाल्याला काय सांगू?"

"गादी खालून मऊ करा. आणि बायकोला सांगा, तो झोपला असला तरी दोन तासांनी उठवायचं. हातापाया पडला तरी. गोड बोलला तरी."

"ती बाई किती दिवस उठेल?"

चांगुणाला फक्त स्वतःचं उत्तर ठाऊक होतं, जेमतेम एक महिना.

चहा राहूनच गेला. इनायतने पिंजण खांद्यावर घेतली, चपलेत पाय सरकवले आणि गल्लीत उतरला. दसऱ्याचे दिवस, घरोघरी गाद्या बाहेर काढलेल्या, बायका दारात त्याची वाट बघत होत्या. नवसाबाईने तर हाकही मारली, "इनायतचाचा, आमची बघता का?" त्याने मान हलवून नाही म्हटलं. गल्लीच्या टोकापर्यंत तो गेला, आणि तातेवर त्याने मोगरी मारली नाही.